मैदान मोठं करणारी मुलगी

१५ फेब्रुवारी २०२४ची रात्र. अमेरिकेतल्या आयोवा सिटी या शहरात विद्यापीठाचं मोठं क्रीडागृह आहे, कार्व्हर-हॉकआय अरीना. जवळपास पंधरा हजार माणसं तिथं दाटीवाटीनं बसली होती. आयोवा विरुद्ध मिशिगन, मुलींचा बास्केटबॉल सामना. सगळ्यांचे डोळे एकाच मुलीवर खिळलेले. पाठीवर आकडा २२, उंची सहा फूट, केस मागं घट्ट बांधलेले. नाव केटलिन क्लार्क.

तिला आठ गुण हवे होते. ते मिळाले, की अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, सर्वाधिक गुण मिळवणारी महिला खेळाडू ती ठरणार होती. सामना सुरू झाला. पहिले दोन गुण रिंगजवळ जाऊन. मग लांबून तीन. आणि मग ती बॉल घेऊन धावत आली, मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या भल्यामोठ्या बोधचिन्हापाशी थबकली आणि तिथूनच तिनं बॉल फेकला!

तिथून रिंग किती लांब? साधारण दहा मीटर. आपल्या शाळेच्या मैदानावर कुणी असं केलं असतं, तर सर ओरडले असते, ‘‘अगं, पास दे ना!’’ पण बॉल उंच गेला, वळून खाली आला आणि सप्पकन जाळीत शिरला. सामन्याची पहिली तीन मिनिटंही झाली नव्हती आणि विक्रम मोडला होता. केटलिन तेवढ्यावर थांबली नाही. त्या रात्री तिनं ४९ गुण केले.

आता प्रश्न असा, की दहा मीटरवरून बॉल रिंगमध्ये जातो तरी कसा? आणि एवढ्या लांबून फेकणं हा आगाऊपणा, की हुशारी? चला, वही-पेन्सिल घ्या. एक बांगडीही आणून ठेवा. ती लागणार आहे.

पीचच्या टोपल्यांपासून सुरुवात

आधी थोडं मागं जाऊ. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामशाळेत कंटाळलेली मुलं. त्यांच्यासाठी नेस्मिथनी एक नवा खेळ शोधून काढला. पीच नावाची फळं ठेवायच्या दोन टोपल्या त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा होता दहा फूट उंच, म्हणजे ३.०५ मीटर. आज जगभर बास्केटबॉलची रिंग बरोबर तेवढ्याच उंचीवर असते. एका कठड्यानं साऱ्या जगाचा नियम ठरवला!

पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजमधल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवला. पण त्या काळी लोकांना वाटायचं, मुलींनी फार धावपळ करू नये. म्हणून मुलींसाठी मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीनं आपापल्या भागातच राहायचं, असं ठरलं. रेषा ओलांडायची नाही!

केटलिनच्या आयोवा राज्यात तर आणखी गंमत होती. तिथं शाळेतल्या मुलींचा संघ पाचऐवजी सहा जणींचा असे. तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त अडवणार. मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही आणि बॉल फार तर दोनदा टप्पा देऊन पुढं न्यायचा. हा खेळ तिथं इतका लाडका होता, की गावंच्या गावं सामने बघायला लोटायची. तो १९९३पर्यंत चालला. केटलिनचा जन्म २२ जानेवारी २००२चा, आयोवातल्याच दे मॉइन शहरातला. म्हणजे तिच्या जन्माच्या जेमतेम नऊ वर्षं आधीपर्यंत तिच्याच राज्यातल्या शाळकरी मुलींना अर्धंच मैदान मिळत होतं.

आणि ही मुलगी? तिला अख्खं मैदानही पुरेना. लहानपणी तिच्या वयाच्या मुलींचा संघ मिळाला नाही, म्हणून ती मुलांच्या संघात खेळली. माया मूर ही तिची लाडकी खेळाडू. एकदा मिनेसोटात तिचा सामना बघायला गेलेली छोटी केटलिन धावत जाऊन मायाला बिलगली होती!

रिंग किती मोठी, बॉल केवढा?

आता गणिताकडे वळू. रिंगचा व्यास ४५.७ सेंटीमीटर. महिलांच्या सामन्यातल्या बॉलचा व्यास सुमारे २३ सेंटीमीटर. म्हणजे रिंग बॉलच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे. वाटतं ना सोप्पं?

मग बांगडी घ्या. ती टेबलावर आडवी ठेवा आणि अगदी वरून बघा. छान गोल दिसते. आता हळूहळू डोळे खाली आणा. गोल चपटा व्हायला लागला? अजून खाली या. बांगडी लांबुळकी, बारीक दिसते. डोळे टेबलाच्या पातळीला आले, की ती नुसती एक काडी!

बॉललाही रिंग अशीच ‘दिसते’. बॉल सरळ वरून पडला, तर त्याच्यासाठी ४५.७ सेंटीमीटरचं दार सताड उघडं. तो तिरका, ४५ अंशांत आला, तर दार उरतं सुमारे ३२ सेंटीमीटर. आणि ३० अंशांत आला तर? २३ सेंटीमीटरसुद्धा पुरते नाहीत. बॉलच तेवढा आहे, म्हणजे तो रिंगच्या कडेला थडकणारच. म्हणून चांगली खेळाडू बॉल रिंगकडे सरळ भिरकावत नाही. ती त्याला उंच कमान देते.

‘‘मग फेकू या की खूप उंच!’’ असं कुणी म्हणेल. पण थांबा. दहा मीटरवरून बॉल ७० अंशांत वर फेकला, तर तो रिंगपर्यंत पोचायला ताशी ४५ किलोमीटरचा वेग द्यावा लागतो. तोच ४७ अंशांच्या आसपास फेकला, तर ३७ किलोमीटर पुरतात. (बॉल हातातून २.२ मीटर उंचीवर सुटला असं मी धरलंय आणि हवेचा अडथळा सोडून दिलाय.) या कोनात सगळ्यांत कमी जोर लागतो. शिवाय आणखी एक फायदा होतो. या कोनाच्या आसपास हात अंशभर वरखाली झाला, तरी बॉल पडण्याची जागा फारशी बदलत नाही. चूक झाली, तरी तिचा फटका कमी!

या हिशेबानं दहा मीटरवरून सुटलेला बॉल जमिनीपासून पाच मीटरहून अधिक उंच जातो आणि रिंगपर्यंत पोचायला जवळपास दीड सेकंद घेतो. सुमारे ४२ अंशांत खाली उतरतो, तेव्हा त्याला ३१ सेंटीमीटरचं दार मिळतं. म्हणजे बॉलच्या दोन्ही बाजूंना मिळून जागा उरते ती आठ सेंटीमीटर.

हे झालं पुढं-मागं. डावीकडे-उजवीकडे किती चुकलं तर चालेल? रिंगला न लागता आत जायचं, तर दहा मीटरवरून साधारण दोन तृतीयांश अंश. हे केवढंसं असतं? भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा सहा-सात सेकंदांत जितका सरकतो, तेवढंच. तो सरकलेला आपल्याला कळतही नाही! फ्री थ्रोच्या (म्हणजे कुणी न अडवता मारायच्या फेकीच्या) रेषेवरून, रिंगपासून सव्वाचार मीटरांवरून, याच्या दुपटीहून जास्त चूक खपते.

जोर हातात नाही, पायात!

सव्वाचार मीटरांवरून फेकताना बॉलला ताशी २६ किलोमीटरचा वेग पुरतो. दहा मीटरवरून लागतो ३७चा. फरक अकराचाच दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दहा मीटरवरच्या फेकीला ऊर्जा दुपटीहून जास्त लागते. बॉल असतो अर्धा किलोहून थोडा जड. मनगटाचा जोर तिथं पुरायचा नाही.

मग जोर कुठून येतो? बघा, बास्केट करण्याआधी खेळाडू गुडघ्यात वाकते. पाय जमिनीला रेटतात, तो रेटा मांड्यांतून कमरेत, पाठीतून खांद्यात, कोपरात आणि शेवटी मनगटात जातो. प्रत्येक सांधा आपली वेळ आली, की उलगडतो. कोपर घाईनं आधीच उलगडलं, तर पायांचा जोर वाया जातो. लहान मुलं बॉल छातीवरून किंवा खांद्यावरून ढकलतात, कारण त्यांचे स्नायू अजून तेवढे तयार नसतात. म्हणून तुमच्याकडून थ्री पॉइंटर, म्हणजे तीन गुणांची लांबची बास्केट, झाला नाही, तर रडू नका. वाढा थोडे!

शेवटचं काम बोटांचं. बॉल सुटताना बोटं त्याला मागच्या बाजूनं खाली ओढतात आणि तो उलटा फिरत जातो. याला बॅकस्पिन म्हणतात. याचा उपयोग बॉल रिंगच्या कडेला किंवा रिंगमागच्या बोर्डला आपटला की होतो. उलट्या फिरकीमुळं घर्षण त्याला मागं खेचतं, त्याचा पुढचा वेग कमी होतो आणि तो दूर उडण्याऐवजी जागीच घुटमळतो. कधी कधी मऊपणे आतही पडतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी संगणकावर लाखो फ्री थ्रो मारून पाहिले. त्यांच्या हिशेबानं फ्री थ्रोला सेकंदाला तीन फेऱ्यांची उलटी फिरकी आणि ५२ अंशांचा कोन उत्तम.

केटलिन फेकताना मनात असे आकडे मोजत बसत नाही हं! रोज त्याच हालचाली करून करून शरीरच त्या शिकतं. मेंदूतला मागचा छोटा भाग, अनुमस्तिष्क, दर वेळी ‘जरा कमी पडला, जरा डावीकडे गेला’ अशी चूक टिपतो आणि पुढच्या फेकीत ती सुधारतो. चुकलेली प्रत्येक फेक म्हणजे मेंदूला मिळालेला एक धडा.

चुकूनही जिंकायचं कसं?

चुकीवरून आठवलं. विद्यापीठाच्या चार वर्षांत केटलिननं ५४८ थ्री पॉइंटर मारले. केवढे ते! पण त्यासाठी तिनं फेकी किती केल्या असतील? तिच्या थ्री पॉइंटरच्या दर १०० प्रयत्नांपैकी ३८च्या आसपास आत गेले. बाकीचे बासष्ट? चुकले!

म्हणजे जगप्रसिद्ध नेमबाज निम्म्याहून जास्त वेळा चुकते? हो! आता वहीत मांडा:

१०० फेकी, ३८ बास्केट, प्रत्येकी ३ गुण. एकूण ११४ गुण.

तीन गुणांच्या रेषेच्या आतल्या बास्केटचे मिळतात दोनच गुण. तिथून ११४ गुण करायचे, तर १०० पैकी ५७ बास्केट व्हायला हव्यात. आणि आत तर समोर उंच उंच खेळाडू हात वर करून उभ्या! अगदी रिंगखाली मोकळी जागा मिळाली, तर गोष्ट वेगळी. पण ती जागा सहज कोण देतंय? म्हणून बासष्ट वेळा चुकूनही लांबची फेक परवडते. बास्केटबॉलमध्ये ‘किती चुकलं’ एवढंच मोजून भागत नाही. जे जमलं त्याचं मोल किती, हेही बघावं लागतं.

ही तीन गुणांची रेषा जन्मापासून नव्हती बरं का. अमेरिकेत विद्यापीठाच्या मुलींच्या सामन्यांत ती १९८७-८८च्या मोसमापासून सगळीकडे आली. केटलिन २०२०मध्ये आयोवा विद्यापीठात दाखल झाली, तेव्हा रेषा रिंगपासून ६.३२ मीटरवर होती. पुढच्याच वर्षी ती ६.७५ मीटरवर सरकवली. केटलिनला काय त्याचं! ती त्याच्याही पलीकडून फेकत होती.

एका मुलीमुळं पन्नास चौरस मीटर

आता खरी गंमत. समजा तुम्ही मिशिगनच्या संघात आहात आणि केटलिनला अडवायचंय. बाकीच्या मुलींसाठी रेषेपाशी उभं राहिलं तरी चालतं, कारण त्याहून लांबून कुणी फारसं फेकत नाही. पण ही दहा मीटरवरून फेकते. मग पुढं जाऊनच अडवावं लागणार.

मैदानाची रुंदी १५.२४ मीटर. तीन गुणांच्या रेषेपासून दहा मीटरांपर्यंत आणखी सव्वातीन मीटर. दोन्हींचा गुणाकार करा. सुमारे पन्नास चौरस मीटर! राखणाऱ्या पाचच जणी आणि राखायची जागा पन्नास चौरस मीटरनं वाढली. एक जण केटलिनकडे धावली, की मागं रिकामी जागा पडते. दोघी धावल्या, तर केटलिनची एक मैत्रीण अगदी मोकळी सुटते. नेमका तिलाच पास!

ज्या पासवर लगेच बास्केट होते, त्याला असिस्ट म्हणतात. केटलिननं चार वर्षांत असे ११४४ असिस्ट दिले. लोक तिला नेमबाज म्हणून ओळखतात, पण तिच्या लांबच्या फेकीची भीती दाखवून तिनं मैत्रिणींसाठी दारं उघडली. तिचे सगळेच पास जमायचे असं नाही. अवघड पास देण्याच्या नादात बॉल कितीतरी वेळा समोरच्या संघाच्या हातातही गेला. पण इथंही तेच गणित: जमला, तर मोल मोठं.

मार्च २०२३मध्ये लुइव्हिलविरुद्धच्या सामन्यात तर कमाल झाली. ४१ गुण, १२ असिस्ट आणि १० रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर झेललेले बॉल. तिन्ही आकडे दोन अंकी झाले, की त्याला ट्रिपल-डबल म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेत चाळीसहून अधिक गुणांचं ट्रिपल-डबल त्याआधी कुणाला जमलं नव्हतं, ना मुलींना, ना मुलांना!

सगळ्यांत भारी कोण?

३ मार्च २०२४ला केटलिननं पीट मॅराविच यांचा ३६६७ गुणांचा विक्रमही मागं टाकला. तो पुरुषांचा विक्रम होता आणि १९७०पासून टिकून होता. चार वर्षांच्या शेवटी तिचे गुण झाले ३९५१.

म्हणजे केटलिनच सगळ्यांत भारी? घाई नको. विज्ञानात तुलना करताना आधी विचारायचं, दोघांना परिस्थिती सारखी होती का? मॅराविच खेळले ८३ सामने, केटलिन १३९. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळू देत नसत, म्हणून त्यांना तीनच वर्षं मिळाली. आणि तीन गुणांची रेषा तर नव्हतीच! भागाकार केला, तर त्यांची सरासरी येते सामन्यागणिक ४४, केटलिनची २८.

लिनेट वुडार्ड यांनी १९७७ ते १९८१ या काळात कॅन्सस विद्यापीठाकडून ३६४९ गुण केले. त्याही रेषेशिवाय, आणि तेही पुरुषांच्या मोठ्या बॉलनं खेळून, कारण मुलींसाठी थोडा लहान बॉल आला १९८४मध्ये. आणि पर्ल मूर? १९७०च्या दशकात छोट्या कॉलेजांकडून खेळताना त्यांनी केले ४०६१ गुण. केटलिनपेक्षाही जास्त! पण त्या काळी मुलींचे सामने टीव्हीवर फारसे दिसायचे नाहीत, त्यामुळं त्यांची नावं फार थोड्यांना ठाऊक होती. केटलिन एकेक विक्रम मोडत गेली, तशी वर्तमानपत्रांत या आजीच्या वयाच्या खेळाडूंची नावं पुन्हा छापून आली.

केटलिनला सगळं मिळालं असंही नाही. तिचा संघ २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला आणि दोन्ही वेळा हरला. आधी लुइझियाना स्टेटकडून ८५-१०२, मग साउथ कॅरोलिनाकडून ७५-८७. पण तो दुसरा सामना अमेरिकेत टीव्हीवर सरासरी एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्यालाही त्या वर्षी एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आयोवाच्या मुली चक्क अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये मैत्रीचा सामना खेळल्या, तेव्हा तिथं जमली ५५,६४६ माणसं!

एप्रिल २०२४मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत इंडियाना फीवर या संघानं तिला सगळ्यांत आधी निवडलं. पहिल्याच मोसमात तिनं ३३७ असिस्ट दिले आणि त्या लीगमधला एका मोसमातला नवा विक्रम केला. गुणांचा नव्हे, पासचा!

आता तुमची पाळी

शाळेत रिंग असेल, तर उत्तमच. नसेल, तर बादली आणि रबरी बॉल घ्या. बादलीपासून एक, दोन आणि तीन मीटरवर खडूनं रेषा आखा. प्रत्येक रेषेवरून वीस फेकी करा आणि किती आत गेल्या ते वहीत लिहा. एक मीटरवरून गेलेल्याला १ गुण, दोनवरून २, तीनवरून ३. आता सांगा, कुठून फेकणं सगळ्यांत फायद्याचं?

मग रोज दहा मिनिटं सराव करून पुढच्या रविवारी तेच कोष्टक पुन्हा भरा. तुमची फायद्याची रेषा मागं सरकली का? सरकली असेल, तर चौथी रेषा आखा. आणि कुणी ‘‘एवढ्या लांबून कशाला?’’ म्हणालं, तर त्याच्यासमोर वही उघडा आणि गणित दाखवा!